हाडांची कणगी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद,

अक्षर वाकडं दिसेल, समजून घे. मनगटाचं प्लास्टर परवाच काढलं. अंगठा अजून नीट वळत नाही. तांदूळ निवडताना खडा चिमटीतून निसटतो.

श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला नि हात टेकला, एवढंच. एवढ्यानं हाड मोडायला नको होतं. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत. तेव्हापासून तुझाच विचार मनात येतो गो.

आपल्या अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत नि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्याशिवाय स्नायू हलत नाहीत, हृदयसुद्धा चालत नाही. म्हणून रक्तातलं प्रमाण शरीर ढळू देत नाही. ताटातून आलं नाही, तर हाडांतून काढून घेतं. माजघरातल्या कणगीतून रोज भात काढत राहिलं नि भरला नाही, तर बाहेरून ती तशीच दिसते. हात तळाला लागतो तेव्हा कळतं. ही कणगी भरते ती साधारण तिशीपर्यंत. तू तेवीस वर्षांची आहेस. त्या वयात मी सगळ्यांना वाढून उरेल ते खायचे, दूध फक्त चहापुरतं.

दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास असतं, पांढरा तांदूळ तिच्या पासंगालाही पुरत नाही. नाचणीला मोड आणून दळलं की ते अंगी जास्त लागतं. पेडवे, मांदेली कुरकुरीत तळून काट्यांसकट खा. कॅल्शियम त्या काट्यांतच असतं. मॅग्नेशियमही नाचणीत, कुळथात भरपूर, आणि हाडांना तेही हवंच. फॉस्फरसची काळजी नको, तो डाळीत, माशांत सहज मिळतो.

मिठाचं मात्र ऐक. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरा नको. सोडियम जास्त झालं की रक्तदाब वाढतो, शिवाय लघवीवाटे कॅल्शियमही जातं. तू रात्री पाकिटातल्या शेवया खातेस, त्यांच्या मसाल्यातच किती मीठ असतं! आपल्याकडचा खारा बांगडा, लोणचं, पापडही मी आता कमी केलाय. पोटॅशियम त्याच्या उलट, रक्तदाब आवरायला मदत करतं. केळं, शहाळं घेत जा. (आजोबांना मूत्रपिंडाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी शहाळं बंद केलंय, ते आले तर आग्रह करू नको.)

आणि थोडं उन्हात उभी राहा, त्यानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही.

शनिवारच्या एसटीनं पिशवी पाठवते. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ डब्यात आहे, कुळथाची पिठी वेगळी बांधलीय. जवळा तीन कागदांत गुंडाळलाय, खोलीतल्या मुलींना वास येणार नाही. पीठ दोन चमचे, आधी गार पाण्यात कालव, मग ढवळत शिजव, नाहीतर गुठळ्या होतात. पोचल्यावर फोन कर.

तुझी,
आई