माळावरच्या पाहुण्यांचा पत्ता छापू नका

संपादक महोदय,

थंडी पडली की माळरानात उतरलेल्या दुर्मिळ पक्ष्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात. बघायला छान वाटतात. पण खाली गावाचे, कधी तर वस्तीचेही नाव असते. हे पत्र त्याबद्दल.

मी सासवडचा. गेली दहा-बारा वर्षे हिवाळ्यात पुरंदरच्या माळांवर पायी हिंडतो. आखूडकानी घुबड दिसायला तिसरा हिवाळा उजाडावा लागला, तेही एका मेंढपाळ आजोबांच्या कृपेने. "झाडं कशाला बघताय? ते भुईला बसतंय," म्हणाले आणि काठीने कुसळी गवताचा एक पुंजका दाखवला. पाच मिनिटे मला नुसते वाळके गवत दिसत होते. मग त्यातच काळ्या वर्तुळातले दोन पिवळे डोळे दिसले. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

भोवत्या या शिकारी पक्ष्यांचीही तीच तऱ्हा. मोंटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या कझाकस्तानाकडच्या गवताळ मुलखातून येतात. दिवसभर जमिनीलगत तरंगत नाकतोडे, उंदीर टिपतात आणि सूर्य कलला की एकेक करून गवतातच मुक्कामाला उतरतात. (नर ओळखायचा तर पंख पाहावा: मोंटेग्यूला आडवी काळी पट्टी, पांढुरक्याला टोकाशी नुसती काळी पाचर. माद्यांबाबत मी अजून तोंड उघडत नाही.) सकाळी तिथे दबलेले गवत आणि नाकतोड्यांच्या तंगड्यांनी भरलेल्या, त्यांनी ओकलेल्या गोळ्या सापडतात. आपल्याला रिकामा वाटणारा माळ हे त्यांचे अंथरूण आहे, आणि आपण त्यावरून गाड्या घालतो.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सहा गाड्या आल्या. त्या घुबडाला तासाभरात चार वेळा उठवले. भर उजेडात उडाले की कावळे पाठ सोडत नाहीत. जागा कशी कळली म्हणून एकाला विचारले, तर त्याने मोबाइलवर बातमीचे कात्रणच पुढे धरले. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा पुंजका चाकाखाली आडवा झालेला होता. घुबड नव्हते.

सरकारी दप्तरात माळ 'पडीक' असतो आणि तिथे झाडे लावायला खड्डे घेतले जातात, पण त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.

तूर्त विनंती एवढीच: फोटोखाली जिल्ह्याचे नाव पुरे. गाव छापायचेच असेल तर पाहुणे परतल्यावर, एप्रिलनंतर छापा. मीही वर माळाचे नाव घातलेले नाही. ज्याला खरोखर पाहायचे आहे त्याने गाडी डांबरी सडकेवर ठेवावी, भेटेल त्या मेंढपाळाला रामराम करावा आणि दुर्बीण घेऊन लांब बसून राहावे. मोज्यांत कुसळे घुसतात, तेवढी सोसावी लागतील.

– एक वाचक, सासवड