सोनेरी चित्रं आणि तुझा निबंध

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला. बाबांनी प्रिंट काढून आणला, त्यामुळे पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचता आला. मध्ययुग, रेनेसाँ, बरोक, नवअभिजात, रोमँटिक, इम्प्रेशनिझम, मग आधुनिक. सगळे कालखंड तू ओळीने घेतलेस आणि चित्रासमोर उभं राहून तुला स्वतःला काय वाटलं तेही लिहिलंस. व्हान आयकच्या चित्रातल्या आरशावरचा परिच्छेद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पण एका गोष्टीवर माझं तुझ्याशी मुळीच पटत नाही. फोनवर ते नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या निबंधात युरोपची चित्रकला जिना चढत जाते. तळाशी सपाट, सोनेरी, 'अजून डोळे न उघडलेली' चित्रं. मग जोत्तो येतो आणि माणसांना वजन येतं. मग यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची रीत, सापडतं, तैलरंग सापडतात, प्रकाश सापडतो, आणि शेवटी मोने सगळ्यांना मोकळं करतो. हा जिना तू बांधलेला नाहीस. १५५० मध्ये व्हासारी या इटालियन चित्रकाराने चित्रकारांची चरित्रं छापली, तेव्हाच त्याने कलेचं बालपण, तारुण्य आणि पूर्णत्व असे टप्पे पाडले आणि सर्वांत वर मायकेलअँजेलोला बसवलं. व्हासारी फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी होता, आणि त्याच्या जिन्याचं वरचं टोकही फ्लॉरेन्सकडेच जातो. आमच्या पाठ्यपुस्तकांतही तोच जिना होता. मुलांना इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवताना मीही वर्षानुवर्षं तोच क्रम फळ्यावर लिहिला आहे. क्रम पाठ करायला सोपा पडतो, यात शंका नाही. पण तू आता मूळ चित्रांसमोर उभी आहेस.

आधी त्या सोन्याकडे ये. लंडनच्या नॅशनल गॅलरीत सिएनाचा चित्रकार दुच्चो याने रंगवलेल्या तीन लहान लाकडी फळ्या आहेत, आणि त्यांना तू चार ओळींत निकालात काढलंस. त्या फळ्या एका प्रचंड वेदीचित्राचे, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभ्या करायच्या चित्राचे, तुकडे आहेत. सिएनाच्या कॅथीड्रलसाठी दुच्चोने १३०८ ते १३११ मध्ये ते दोन्ही बाजूंनी रंगवलं. ९ जून १३११ ला शहरातली दुकानं बंद ठेवून, वाद्यांच्या गजरात, मिरवणुकीने ते चर्चमध्ये नेलं. पुढे १७७१ मध्ये ते कापून वेगळं केलं आणि तुकडे पांगले. मेरीच्या आसनाखाली दुच्चोने लिहिलं होतं की हे पवित्र माते, सिएनाला शांती दे, आणि दुच्चोला आयुष्य दे, कारण त्याने तुला असं रंगवलं. ज्याला ही ओळ लिहाविशी वाटते त्याचे डोळे मिटलेले होते, असं तू कसं म्हणशील?

आता ते सोनं कसं चढायचं ते बघ. लाकडी फळीवर पांढऱ्या लेपाचे थर, ते घासून गुळगुळीत करायचे, त्यावर तांबडी माती, मग सोन्याचा वर्ख, मग गुळगुळीत दगडाने घोटणं. घोटलेल्या सोन्यावर बारीक ठशांनी ठिपके आणि वेलबुट्ट्या उठवायच्या. हे ठिपके विजेच्या एकसारख्या उजेडात नुसते नक्षी वाटतात. पण चित्र मेणबत्त्यांसमोर उभं राहणार होतं. ज्योत हलली की ठिपका न ठिपका हलतो, आणि मेरीच्या डोक्यामागचं तेज सरकतं. अंबाबाईच्या गाभाऱ्यात समयांच्या उजेडात तू लहानपणापासून जे पाहिलंस, त्याच डोळ्यांनी या फळ्यांपुढे उभी राहा. तिथे मागे डोंगर, झाडं आणि दूर जाणारा रस्ता काढला असता तर त्या चित्राचं काम बिघडलं असतं.

तारखाही बघ. जोत्तोने पादुआचं स्क्रोव्हेन्यी चॅपेल साधारण १३०५ पर्यंत रंगवलं. म्हणजे तुझ्या हिशेबात 'मागे राहिलेला' दुच्चो त्याच्यानंतर काम करतोय. आणि इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्यासाठी केलेलं, घडी घालून प्रवासात नेता येईल असं ते दोन फळ्यांचं चित्र, विल्टन डिप्टिक, हे १३९५ नंतरचं. जोत्तोच्या त्या चॅपेलला तोवर नव्वद वर्षं झाली होती, तरी राजाला सोनंच हवं होतं. त्यांना दुसरं येत नव्हतं असं नाही. त्यांनी ते निवडलं होतं.

तैलरंगांबद्दल तू लिहिलंस की ते व्हान आयकने शोधून काढले. हेही मूळ व्हासारीचंच. रंगात तेल घालणं त्याच्या फार आधीपासून माहीत होतं. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बौद्ध लेण्यांतल्या, सातव्या शतकाच्या आसपासच्या चित्रांत सुकणारी तेलं सापडली आहेत. व्हान आयकचं मोठेपण त्या तेलाकडून त्याने काय करून घेतलं यात आहे. अंड्याच्या बलकातला रंग पटकन सुकतो, म्हणून तिथे बारीक रेघांवर रेघा मारून छायाभेद आणावा लागतो. तेल वेळ देतं. पातळ, पारदर्शक थरांवर थर चढवता येतात, आणि उजेड आत शिरून पांढऱ्या अस्तरावरून परत येतो. १४३४ च्या त्या अर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रातलं झुंबर, खिडकीतली संत्री, कुत्र्याचे केस हे सगळं या थरांनी शक्य केलं. आरशाच्या वर, भिंतीवर त्याने नुसतं 'चित्रकार अमुक' न लिहिता 'यान व्हान आयक इथे होता' असं लिहिलं, हे तू टिपलंस, त्याचा मला अभिमान वाटला.

बामियान निघालंच आहे तर निळ्याबद्दलही सांगते. मेरीच्या वस्त्राचा खरा निळा लाजवर्दी या दगडाचा, आणि तो येई आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने गिर्लांदायो या चित्रकाराशी करार केला, त्यात निळा किती दराचा वापरायचा ते लिहून घेतलं आहे: एका औंसाला चार फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी. 'रेनेसाँचा चित्रकार स्वतंत्र झाला' हे तुझं वाक्य या कराराशेजारी ठेवून पाहा. काम देणारा कोण, चित्र कुठे लागणार, रंग कोणी विकत घेतला, हे प्रश्न प्रत्येक चित्रापुढे विचार. शैलीचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

काराव्हाज्जोवर तू छान लिहिलं आहेस. टेबलाच्या कडेवरून पडेलशी वाटणारी ती फळांची टोपली मलाही छापील चित्रात थांबवते, त्यामुळे तिथे मी एकही खूण केली नाही. पण त्याच कालखंडात आर्तेमिसिया जेंतिलेस्की नुसती 'अनुयायी' म्हणून एका कंसात आली, हे मला खटकलं. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने तिला सभासद करून घेतलं, तोवर तिथे एकाही बाईला जागा मिळाली नव्हती. सेंट कॅथरीनच्या रूपात तिने स्वतःला रंगवलेलं चित्र तुमच्या गॅलरीने २०१८ मध्ये विकत घेतलं. ते अगदी तुझ्या हाताशी आहे. आणि जरा बायकांच्या बाजूने तारखा लावून बघ. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये निघाली, संस्थापकांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. झोफनी या चित्रकाराने अकादमीच्या सभासदांचं चित्र काढलं, त्यात पुरुष विवस्त्र मॉडेलभोवती जमलेत आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत, कारण त्या खोलीत बाईने बसायचं नाही. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा नाइट, १९३६ मध्ये. ज्या काळाला तू 'प्रबोधनाचा' म्हणतेस, त्यात हा जिना आपल्यासाठी खाली उतरत होता.

डेव्हिड आणि नवअभिजात मंडळींवर मी काही लिहीत नाही. त्याचं 'माराचा मृत्यू' हे चित्र सोडलं तर ती चित्रं मला थंड वाटतात. तुला आवडली असतील तर मला पटवून दे.

रेम्ब्राँला मात्र दोन पानं कमीच आहेत. चौतिसाव्या वर्षीचं आणि त्रेसष्टाव्या वर्षीचं अशी त्याची दोन्ही आत्मचित्रं तुमच्या इमारतीत आहेत. एका सकाळी फक्त तेवढी दोनच बघ. १६४० मधला रेम्ब्राँ कठड्यावर हात टेकून, भारी कपड्यांत, टिशियनच्या चित्रातल्या पुरुषासारखा बसला आहे. ऍम्स्टरडॅममध्ये त्याचं नाव झालंय आणि ते त्याला माहीत आहे. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, घरातल्या वस्तूंची यादी झाली, संग्रह विकला गेला. दुसरं चित्र १६६९ चं, मृत्यूच्या वर्षातलं. कपाळावर रंग जाड, कपडे जवळजवळ अंधारात. क्ष-किरणांत दिसलं की आधी त्याच्या हातात कुंचला होता. तो त्याने काढून टाकला आणि नुसते एकमेकांत गुंफलेले हात ठेवले. दोन्ही चित्रं 'डच बरोक' या एकाच शीर्षकाखाली येतात. त्या शीर्षकाने या दोन चित्रांमधल्या अंतराबद्दल तुला काय सांगितलं? माझ्या मते काहीच नाही. कालखंडापेक्षा इथे एका माणसाचं आयुष्य मोठं आहे, आणि तुझ्या निबंधात अशा जागा अजून हव्यात.

इम्प्रेशनिस्टांचं मोकळेपण मला मान्य आहे, पण त्यालाही कारणं होती, आणि त्यातलं एक पत्र्याचं होतं. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळून वापरायच्या कथलाच्या नळ्या काढल्या. तोवर घोटलेला तैलरंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावा लागे. नळ्या आल्या, रेल्वे आली, आणि रंगांची पेटी घेऊन दिवसभरासाठी नदीकाठी जाणं सोपं झालं. मोने १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातून निसटून लंडनला आला होता. वेस्टमिन्स्टरजवळच्या धुकट थेम्सचं त्याचं चित्र तिथलंच. आणि १८७४ च्या इम्प्रेशनिस्टांच्या त्या पहिल्या प्रदर्शनात बर्थ मोरिसोही होती, तिचं नाव घाल. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांपाशी जपानी ठशांचा उल्लेख हवा. १८८७ मध्ये त्याने जपानी चित्रकार हिरोशिगेची पावसातल्या पुलाची छपाई तैलरंगात उतरवून काढली होती. ज्या सपाटपणाला तुझ्या निबंधाने पहिल्या पानावर नापास केलं, तो शेवटच्या पानांवर जपानहून आला तर 'धाडसी' ठरतो. हे दोन परिच्छेद एकमेकांशेजारी ठेवून वाच.

या जिन्याने आपल्याकडेही मापं घेतली आहेत, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. ग्रिफिथ्सचे उपकार मोठे आहेत. त्यांचं अजिंठ्यावर मनापासून प्रेम होतं. सोळाव्या लेण्यातल्या मरणोन्मुख राजकन्येच्या चित्राबद्दल त्यांनी लिहिलं की फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगलं केलं असतं, व्हेनिसच्याने रंग, पण यापेक्षा जास्त भाव दोघांनाही ओतता आला नसता. किती मोठं कौतुक, आणि तरी मोजपट्टी फ्लॉरेन्सची! पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला फ्लॉरेन्सशी काय घेणंदेणं? त्याच्यापुढे अंधारं लेणं होतं, मातीचा गिलावा होता, आणि दिव्याच्या उजेडात येणारा भिक्षू होता. सिएनाच्या वेदीपासून ते फार दूर नाही.

आता काम सांगते. ब्रिटिश म्युझियममध्ये रेम्ब्राँची काही रेखाटनं आहेत, मुघल लघुचित्रांवरून केलेली. साधारण १६५६ ते १६६१ या काळातली, आशियातून आलेल्या कागदावर. डच कंपनीची जहाजं सुरतेला येत-जात होती, त्या काळातली गोष्ट. आपल्याकडे प्रतापगडाची लढाई झाली त्याच सुमारास तो तिकडे बसून जहांगीर आणि शाहजहान यांच्या पागोट्यांच्या रेषा शिकत होता. त्यातल्या एका रेखाटनात झाडाखाली जमिनीवर बसलेले चार वृद्ध आहेत. १६५६ च्या त्याच्या एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात, अब्राहमच्या घरी आलेले पाहुणे तशाच बैठकीने जमिनीवर बसले आहेत. वेळ मागून घेतली की तिथल्या अभ्यासिकेत ही रेखाटनं समोर ठेवतात. ती बघ, हवं तर शेजारी बसून नक्कल कर, आणि तुझं बरोकचं प्रकरण पुन्हा लिहून पाठव. शिक्षकांना निबंध कधी द्यायचा आहे ते कळव, म्हणजे मी त्याआधी वाचून ठेवीन.

बाबा बरे आहेत. थंडीत गळा जप.

तुझी,
आई