सर्व्हिसेस बंद करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संगणक मंद झाला की विंडोजच्या पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस (लहान सहायक प्रोग्राम) बंद कराव्यात, हा सल्ला आजकाल इतका सर्रास दिला जातो की नेमके काय बंद केले आणि का, हे ना देणारा सांगतो ना घेणारा विचारतो. तालुक्याच्या गावी संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवताना सुरुवातीच्या काळात हा सल्ला मीही अनेकांना दिला आहे, हे आधीच कबूल करतो. आता तो सरसकट देणे चुकीचे वाटते, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात तहसील कचेरीसमोर दस्त टंकलेखन करणारे एक गृहस्थ आपला संगणक घेऊन आले. तो हळू चालतो म्हणून त्यांनी ओळखीच्या एका तंत्रज्ञाला दाखवला होता; त्याने पाचशे रुपये घेऊन ‘नको त्या गोष्टी’ बंद करून दिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून या गृहस्थांना मराठीत टंकलेखनच करता येईना. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले तरी कळफलक इंग्रजीवरून मराठीवर जाईना, पडद्यावरची देवनागरी अक्षरे उंदराने कडा कुरतडल्यासारखी दिसत होती, आणि प्रिंटरच्या यादीतून प्रिंटरच नाहीसा झाला होता. काय काय बंद केले याची नोंद कोणीच ठेवलेली नसल्याने तिन्हींची कारणे शोधण्यात माझे दोन तास गेले. लॉगइन होताच सीटीएफमॉन हा भाषा आणि कळफलक सांभाळणारा प्रोग्राम सुरू करणारे, टास्क शेड्युलरमधील (ठरलेली कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतील) काम बंद केलेले होते, आणि भाषा बदलण्याची सोय त्यावरच अवलंबून असते. दृश्य परिणामांच्या चौकटीत ‘सर्वोत्तम कामगिरी’चा पर्याय निवडल्यामुळे खिडक्यांच्या सावल्यांबरोबर अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोयही गेली होती. इंग्रजी अक्षरे तशाही अवस्थेत कशीबशी वाचता येतात, पण रफार आणि जोडाक्षरे यांची दैना होते. छपाईची कामे रांगेत लावणारी प्रिंट स्पूलर ही सर्व्हिस बंद असल्यामुळे कागदावर छापणे तर राहोच, प्रिंटच्या आज्ञेतून पीडीएफ करणेही थांबले होते. एवढे सगळे होऊनही संगणक पूर्वी होता तितकाच हळू होता.

तो हळू का होता, हे टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती रॅम आणि डिस्क वापरतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडताच समोर आले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की तो उघडतो, आणि त्यासाठी पाचशे रुपये लागत नाहीत. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) 4 जीबी, त्यातली बहुतेक ब्राउझरच्या उघड्या पानांनी व्यापलेली, आणि डिस्कच्या रकान्यात लाल रंगात 100 टक्के. हा आकडा पाहून लोकांना वाटते की कोणीतरी डिस्कवर प्रचंड माहिती ओतत आहे. प्रत्यक्षात तो आकडा डिस्क किती वेळ कामात गुंतली आहे हे दाखवतो; त्या वेळी माहितीचा वेग सेकंदाला जेमतेम एक एमबी होता. जुन्या लॅपटॉपमध्ये आणि स्वस्तातल्या संगणकांत आढळणारी हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारा काटा योग्य जागी नेण्याचा वेळ मिळवला तर विखुरलेल्या लहान तुकड्यांची सेकंदाला शंभर वाचनेही तिला धड जमत नाहीत. रॅम अपुरी पडली की विंडोज तीच डिस्क रॅमची भरपाई करायला वापरते, आणि मग त्या काट्याची नुसती धावपळ होते. ही अडचण यंत्राची आहे. सर्व्हिसेसच्या यादीतील दहा नावे बंद केल्याने काटा वेगाने फिरू लागत नाही.

यादी लांबलचक दिसते हे खरे, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. 2017 सालच्या आवृत्तीपासून विंडोज 10 ने, साडेतीन जीबीपेक्षा अधिक रॅम असलेल्या संगणकांवर, पूर्वी एसव्हीसीहोस्ट या सर्व्हिसेस चालवणाऱ्या एकाच प्रोग्रामखाली गोळा होणाऱ्या बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या दाखवायला सुरुवात केली. एक बिघडली तर बाकीच्या तिच्याबरोबर कोसळू नयेत आणि कोण किती मेमरी घेते ते कळावे, हा त्यामागचा हेतू. काम जवळपास तेवढेच राहिले, पण टास्क मॅनेजरमध्ये एकदम गर्दी दिसू लागली. शिवाय यातील कितीतरी सर्व्हिसेस ‘मॅन्युअल’ प्रकारच्या असतात; गरज लागेपर्यंत त्या सुरूच होत नाहीत, त्यामुळे त्या बंद करून हाती शून्य लागते.

सिसमेन या सर्व्हिसविषयी थोडे अधिक लिहितो, कारण बंद करायच्या यादीत तिचे नाव बहुधा पहिले असते. 2007 साली व्हिस्टाबरोबर ती सुपरफेच या नावाने आली. आपण कोणते प्रोग्राम केव्हा उघडतो हे पाहून त्यांचा काही भाग ती रिकाम्या रॅममध्ये आधीच आणून ठेवते, आणि दुसऱ्या कोणाला ती जागा लागली तर लगेच सोडून देते. रॅम भरलेली दिसते म्हणून घाबरणारे लोक हे विसरतात की रिकामी रॅम काहीच काम करत नसते. जुन्या हार्ड डिस्कवर संगणक सुरू होतानाच्या काही मिनिटांत सिसमेनमुळे ओढाताण वाढू शकते, त्यामुळे तेवढ्यापुरती ती थांबवून आठवडाभर फरक पाहायला माझी हरकत नाही. फरक पडला नाही, तर मात्र ती पुन्हा सुरू करावी.

काहीच बंद करू नये असे माझे म्हणणे नाही. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये संगणकाबरोबर आपोआप उठून बसणारे प्रोग्राम असतात. गप्पांची अ‍ॅप्स, प्रिंटर कंपनीचे मदतनीस, क्लाउडवर फायली चढवणारे प्रोग्राम यांपैकी जे रोज लागत नाही ते तिथून खुशाल बंद करावे, कारण लागेल तेव्हा ते हाताने उघडता येते आणि विंडोजचे काही अडत नाही. मोबाइलच्या डेटावर संगणक चालवणाऱ्यांनी आपल्याकडे उतरलेले अपडेट इंटरनेटवरील इतर संगणकांना पुरवणारी सोय बंद ठेवलेली बरी. प्रिंटर नाही आणि पीडीएफही करायची नाही, तिथे स्पूलर बंद ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. 2021 मध्ये त्यात प्रिंटनाइटमेअर ही गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा तसा उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने सुचवला होता. टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी सोय, बंद करण्याची इच्छाही मला समजते, पण तो खासगीपणाचा प्रश्न आहे आणि वेगाशी त्याचा संबंध नाममात्र. जाता जाता एक सांगतो: विंडोज 8 पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन केल्यावर संगणक पुरता बंद होत नाही, रिस्टार्ट केल्यावरच तो खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी काही तर निव्वळ रिस्टार्टने मिटतात.

अपडेट आणि डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा व्हायरस-रोधक) या दोन गोष्टींना मात्र हात लावू नये, आणि गावोगावचे ‘स्पीड वाढवणारे’ नेमके तिथूनच सुरुवात करतात. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने एका त्रुटीवरचा अपडेट दिला, आणि 12 मे रोजी त्याच त्रुटीतून वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. ज्या संगणकांवर तो अपडेट चढलेला नव्हता, तेच त्यात सापडले. पुढच्याच महिन्यात नोटपेट्या या दुसऱ्या विध्वंसक व्हायरसने आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. नोटपेट्याचा शिरकाव मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता, ही गोष्ट मी लपवत नाही. अपडेट हे काही रामबाण औषध नव्हे. पण त्यासाठी विंडोजचा अपडेट कायमचा बंद करणे म्हणजे दुधाने तोंड पोळले म्हणून जेवणच सोडण्यासारखे आहे. ऐन कामाच्या वेळी अपडेट आडवा येतो, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी कामाचे तास ठरवून देता येतात, अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतो, आणि जोडणी ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेली) म्हणून नोंदवली तर डेटाही वाचतो. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यापासून ‘आता अपडेट येतच नाहीत, मग ती सर्व्हिस कशाला’ असे मला रोज ऐकावे लागते. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख करून देणारी माहिती 2028 पर्यंत मिळत राहणार आहे आणि ती याच मार्गाने येते, हे त्यांना सांगावे लागते.

त्या दस्त टंकलेखकांच्या संगणकात मी 4 जीबी रॅम वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी 240 जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि बंद केलेल्या सर्व्हिसेस एकेक करून पुन्हा सुरू केल्या. पूर्वी तो सुरू करून चहा घेऊन येईपर्यंत वेळ जायचा, आता अर्ध्या मिनिटात काम सुरू होते. खर्च अर्थातच पाचशेपेक्षा बराच जास्त आला, आणि प्रत्येकाला तो परवडेल असे नाही, याची मला जाणीव आहे.

म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून ग्राहकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती करतो. संगणकातील जे काही बंद केले असेल त्याचे नाव, आणि ते आधी ‘ऑटोमॅटिक’ होते की ‘मॅन्युअल’, हे पावतीच्या मागच्या बाजूला लिहून द्यावे. ग्राहकाने ते मागून घ्यावे, आणि दुकानदाराने लिहून देण्यास नकार दिला तर संगणक त्याच्याकडे सोडू नये.

आपला विश्वासू,
एक संगणक-दुरुस्ती व्यावसायिक, जि. सातारा