बांधाचं काय करायचं

सांगली

प्रिय दिन्या,

तुझ्या रानात जाऊन आलो. तू म्हणालास तसंच आहे, शेजाऱ्याने बांध कोरत आणलाय. वरच्या अंगाच्या बांधावरून पूर्वी बैलगाडी जायची, आता पाय धड ठेवता येत नाही. तुझ्या हद्दीतलं बाभळीचं खोड शेजाऱ्याच्या सरीत उभं आहे. नांगरताना दरवर्षी टीचभर आत घ्यायचं, की झालं.

'सातबारा माझ्या नावावर आहे' म्हणून तू निवांत आहेस, ते काही बरोबर नाही. गट नकाशावरची रेघ आपोआप हलत नाही, खरंय. पण 1963 च्या मुदत कायद्यात ताबा परत मागायला 12 वर्षं आहेत, तीही समोरच्याचा ताबा तुझ्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून. तोवर दावा लावला नाहीस, तर त्या पट्टीवरचा तुझा हक्कच जातो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असा ताबेदार स्वतः दावा लावूनही मालकी मागू शकतो, असा निकाल दिला.

अर्थात, नुसतं कसलं म्हणून जमीन मिळत नाही. ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या विरोधात होता, आणि कधीपासून, हे सगळं त्यानेच शाबीत करायचं. परवानगीने कसणाऱ्याला तर हे लागूच नाही. त्यामुळे अण्णांनी शेजाऱ्याला वैरणीला दिलेल्या कोपऱ्याची मला काळजी नाही. बांधाची आहे. टीचटीच सरकलेल्या पट्टीची 12 वर्षं कुठल्या पावसाळ्यापासून धरायची? यावर वकिलांची पोरं शिकून मोठी होतील.

ऊस तुटला की भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाक; उभ्या उसात मोजणी करणं अवघड. शेजाऱ्याला नोटीस जाईल, भूकरमापक खुणा दाखवेल, मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात येईल. पण एवढ्याने मुदत थांबत नाही. तो मागे सरकला नाही, तर दावा लावावाच लागेल.

तुझ्या चुलत्यांचं निराळं. ते आणि त्यांचे भावबंद कधीपासून एकमेकांची रानं कसतात. असा अदलाबदलीचा ताबा 12 वर्षांचा असेल, तर 2023 च्या सलोखा योजनेत 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फीत दस्त करायची सोय केली; ती अजून चालू आहे का, तेवढं आधी विचार. पंचनामा लागतो आणि दोघांची संमती. सध्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं वाजलंय, त्यामुळे संमतीचं तू बघ, तुझं ऐकतात.

येताना अण्णांच्या ट्रंकेतला जुना मोजणी नकाशा आण. अर्जावर सही तुझीच लागेल.

तुझा,
सुभ्या