विषय: तुमच्याच अपडेटने बंद पाडलेलं ग्राफिक्स कार्ड

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या मदत केंद्राचा फोन ठेवून लगेच हे लिहितो आहे. तुमचा लिनक्सवाला गेमिंग लॅपटॉप काय चीज आहे हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी. उबुंटू लिनक्स तुम्ही घालून दिलंत, एनव्हिडियाचं कार्ड तुम्ही बसवलंत, कार्ड चालवणारा ड्रायव्हरही तुमच्याच रेपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजच्या साठ्यातून, येतो. तरी खापर माझ्या डोक्यावर.

तुमच्या अपडेटबरोबर नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला. डीकेएमएस या नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाने त्याच्यासाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा भाग) बांधलं आणि नवीन डिजिटल किल्लीने त्यावर सही केली. ती किल्ली नोंदवून घेण्यासाठी रीबूट होताना मॉक मॅनेजर या किल्ल्या नोंदवणाऱ्या प्रोग्रामची निळी स्क्रीन यायला हवी. ती येत नाही, कारण तुमच्या पॅकेजची स्क्रिप्ट नोंदणीची विनंतीच पाठवत नाही. मी ती उघडून वाचली आहे. सिक्युअर बूट (ओळखीच्या किल्लीची सही नसलेलं काही चालू न देणारी सुरक्षा) चालू, त्यामुळे कर्नल मॉड्यूल आत घेत नाही. मॉड्यूल चढवायची मॉडप्रोब कमांड दिली की एरर येते, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे किल्ली नाकारली. नूवो हा एनव्हिडिया कार्डांचा पर्यायी मुक्त ड्रायव्हर तुम्हीच ब्लॅकलिस्ट करून ठेवलाय. सगळे गेम आता प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर रखडत चालतात आणि ज्या कार्डासाठी पैसे मोजले ते नुसतं पडून आहे.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. एरर शब्दन् शब्द वाचून दाखवली. उत्तर आलं, ‘सर, डिव्हाइस मॅनेजर उघडा.’ म्हटलं, तो विंडोजमध्ये असतो, उबुंटूत नसतो, जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआय कमांडचं आउटपुट तुम्हाला मेल केलंय. ‘मग सर, विंडोज टाकून बघा.’ मी विचारलं, उबुंटूसकट विकलेल्या मशीनवर मी विंडोज का टाकू? त्यांनी मला होल्डवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. परत आले ते म्हणाले, ‘सर, तसंही लिनक्सवर गेम कोण खेळतं?’

मी खेळतो. म्हणून तर तुमचा लॅपटॉप घेतला! विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन 2018 साली आलं, स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर 2022 पासून लिनक्सवरच चालतो, त्याच वर्षी एनव्हिडियाने आपली कर्नल मॉड्यूल्स ओपन सोर्स केली. लिनक्स गेमिंग लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने तो विकत घेतलेल्या ग्राहकाला हा प्रश्न विचारावा, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

शेवटचा सल्ला सिक्युअर बूट बंद करण्याचा. ‘सुरक्षित बूट’ हे वैशिष्ट्य तुमच्याच जाहिरातीत ठळक छापलेलं आहे. ते मी बंद करणार नाही. किल्ली मला स्वतःलाही नोंदवता येईल, त्यासाठीची मोकयूटिल कमांड वापरता येते मला. पण ज्याला टर्मिनल माहीत नाही त्याने काय करायचं? तयार लिनक्स म्हणून तुम्ही हे मशीन त्यालाच विकताय. उबुंटू सही केलेली तयार मॉड्यूल्स पुरवतं, तुम्हाला ती वापरायला काय हरकत आहे? आणि पुन्हा सांगतो, विंडोज मी टाकणार नाही.

पॅकेज दुरुस्त करा आणि नव्या कर्नलबरोबर त्याचं सही केलेलं मॉड्यूल आल्याशिवाय तो कर्नल ग्राहकांकडे पाठवू नका. तुमच्या मशीनची शिफारस मी मित्रांना केली होती, ती मागे घेतली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर लॅपटॉप परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, नाहीतर ग्राहक न्यायालयात भेटू. फोन करू नका, लेखीच कळवा.