लोहारकाकांना सांगायचं ते

रोव्हानिएमी, फिनलंड
जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

"येवढ्याशा चाकूले येवढे पैसे काहून देऊन राह्यली? आपला लोहार कमानपाट्याचा करून देईन नं!" हे तुमचं म्हणणं मला पटलं. कसा हवा ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

आईला आधी सांगा, हा भांडणाचा चाकू नाही. बर्फाची खोली मोजायला आम्ही जंगलात जातो. गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंत आग पेटवून बसावं लागतं. उणे तीसमध्ये गॅसचा लायटर साथ देत नाही, कारण त्यातल्या ब्यूटेनची पुरेशी वाफ शून्याच्या खाली होतच नाही. म्हणून ठिणग्या उडवणारी धातूची कांडी बाळगायची आणि चाकूच्या पाठीनं खरवडायची. ठिणगी धरायला बर्चची साल. तेलकट असते, ओलसर असली तरी पेटते. आपलं भूर्जपत्राचं झाड याच कुळातलं. पुढे मात्र पऱ्हाटीचा भारा हाताशी नसतो. उभ्या उभ्या वाळलेलं पाइन शोधायचं, फोडून आतलं कोरडं लाकूड काढायचं आणि त्याच्या पातळ, कुरळ्या ढलप्या सोलायच्या. चाकूचं खरं काम हे.

बंडू जे करवती पाठीचे, पोकळ मुठीचे चाकू फोटोत पाठवतो, ते दिसायलाच दांडगे. पोकळ मुठीत पात्याचा जोड कच्चा राहतो. लाकूड फोडताना पात्याच्या पाठीवर दांडक्यानं ठोकावं लागतं, तिथं करवतीचे दाते दांडकंच खातात. घडीचा चाकूही नको. खटक्यात बर्फ अडकतो, तेल घट्ट होतं.

थंडीत पोलाद ठिसूळ होतं. फार कडक पाणी दिलेलं, पातळ धारेचं पातं गोठलेल्या गाठीवर बसलं की धारेचा कपचा उडतो. कुऱ्हाडसुद्धा इथं वापरण्याआधी जरा गरम करून घेतात. कमानपाट्याचं, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं, पोलाद मुळात चिवट, म्हणून तुमची सूचना आवडली. फक्त रस्त्यावर झिजलेला जुना पाटा नको. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात.

मुठीवरून इथं दुमत आहे. पुष्कळांना मुठीच्या रुंदीचंच पोलाद शेवटपर्यंत हवं असतं, भक्कम म्हणून. पण ते दोन्ही कडांना उघडं राहतं आणि हातमोज्यातूनही ऊब ओढून घेतं. ओलसर उघडी कातडी तर उघड्या धातूला चिकटते. फिनिश लोकांच्या पुक्को चाकूत पात्याचं निमुळतं शेपूट लाकडाच्या आत लपलेलं असतं. मला तसंच हवं. रेनडिअर पाळणारे सामी लोक वीतभर पात्याचा चाकू बाळगतात आणि त्यानंच फांद्या तोडतात. माझ्यासोबत कुऱ्हाड असते, मला तेवढा मोठा नको.

तर काकांना सांगा: पातं चार बोटं रुंदीचं नको, बोटभर रुंद पुरे, लांबी चार-साडेचार इंच, जाडी तीन-चार मिलिमीटर. तापवून पाण्यात नाही, तेलात विझवायचं, पाण्यात तडकेल. मग घासून चकचकीत करून पुन्हा हलकं तापवायचं, गव्हाळ-तपकिरी रंग चढेपर्यंत. धार वस्तऱ्यासारखी पातळ नको, मागे थोडं मांस राहू द्या. पाठीच्या कडा काटकोनात आणि तीक्ष्ण ठेवा, गोल केल्या तर कांडी खरवडणार नाही. हा मुद्दा ते विसरतील, तेव्हा तुम्ही समोर उभे राहा.

मूठ बाभळीची, नेहमीपेक्षा जाड. हाताला टॉवेल गुंडाळून धरून पाहा, माझे हातमोजे साधारण तेवढेच जाड आहेत. शेवटाला दोरीसाठी भोक हवं. म्यान मी इथं बघीन. कातडं भिजून गोठलं की चाकू बाहेर निघत नाही.

दिवाळीला आले की नेईन, चेक-इन बॅगेतून. हातातल्या बॅगेत चालत नाही. इथं गावात तो कमरेला लावून हिंडायचा नाही, २००३ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायला योग्य कारण लागतं. जंगलातलं काम हे तसं कारण.

आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग असेल, तो मुठीला लावा. बर्फात पडलेला चाकू दिसला पाहिजे.

आईला नमस्कार.

तुमची,
मनी