काकूंच्या डोळ्याचं लेझर

प्रिय मित्रा,

मेसेज वाचला, फोन केला असता पण काकू शेजारी असतील म्हणून लिहूनच पाठवतोय. लेझर केल्यावर आईला दिसायला लागेल का विचारलंस. नाही रे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि हे चष्मा घालवायचं लेझर पण नाही. काकूंचं आधी डोळ्याच्या मागच्या पडद्याचं (रेटिनाचं) लेझर झालं ना, तेही वेगळं, त्यात गोंधळू नकोस.

माझ्या उजव्या डोळ्याचं हेच झालेलं, त्यांना शुगरमुळे आणि मला पडद्याची रक्तवाहिनी ब्लॉक झाली म्हणून, एवढाच फरक. आत नको तिथे बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि डोळ्याच्या आत तयार होणारं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जायची वाटच बुजवतात, म्हणजे मोरी तुंबलेली आणि नळ चालू! त्याने डोळ्यातलं प्रेशर वाढतं. नॉर्मल प्रेशर 10 ते 21 (mmHg मध्ये), माझं तीन ड्रॉप आणि डायमॉक्स (प्रेशर कमी करायच्या गोळ्या) घेऊनही 46, वर गोळ्यांनी हातापायाला मुंग्या, आणि डोकं इतकं ठणकायचं की उलट्या व्हायच्या. शेवटी डॉक्टर म्हणाले मोरी राहू दे, नळच बारीक करू. पाणी तयार करणारा भाग डोळ्याच्या पुढच्या रंगीत पडद्यामागे असतो, त्याला बाहेरूनच, डोळा न कापता, डायोड लेझरने थोडं थोडं भाजतात.

भाजतात हा शब्द काकूंसमोर काढू नकोस हां.

भीती वाटली ती फक्त डोळ्याजवळच्या इंजेक्शनची, नंतर सगळं बधिर. पेनासारखं टोक डोळ्यावर टेकवून गोल फिरत वीसेक ठिकाणी दोन-दोन सेकंद देतात, मधेच टप्प असा आवाज येतो, तो आला की पॉवर कमी करतात. घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागा सोडतात, तिथून नसा जातात म्हणून.

रात्री दुखलं, डोळा आठवडाभर लाल होता. प्रेशर उतरायला काही आठवडे गेले आणि मला दुसऱ्यांदा करावं लागलं. तेव्हा चिडलो होतो, पण एकदम जास्त केलं तर प्रेशर फारच पडून डोळा आक्रसू शकतो, म्हणून मुद्दाम बेतानं करतात. उरलीसुरली नजर कमी व्हायची रिस्क पण असते, ती डॉक्टरांना सरळ विचार.

माझं आता 18 आहे. दिसत काहीच नाही त्या डोळ्याने, पण रात्री झोप लागते.

काकूंचे ड्रॉप लगेच बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसेच. तारीख ठरली की कळव, मी येतो सोबत.

तुझाच

(एका डोळ्याचा)